राजाबाई टॉवर : नाव आईचं, पैसा मुलाचा, घड्याळ कुणाचं?

६ ऑक्टोबर १८६४ रोजी शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला पत्र लिहून दोन लाख रुपये देऊ केले. चाळीस दिवसांपूर्वी, २७ ऑगस्टला, याच विद्यापीठाला त्यांनी ग्रंथालयाच्या इमारतीसाठी दोन लाख दिले होते. पहिल्या पत्रात भाषा सार्वजनिक होती: शहराचं भूषण ठरेल अशी वास्तू, पुढच्या पिढ्यांसाठी ज्ञानाचं कोठार वगैरे. दुसऱ्या पत्रात मात्र घरचं माणूस आलं. ग्रंथालयाला जोडून एक मनोरा बांधावा, त्यात मोठं घड्याळ आणि घंटांचा संच असावा, आणि मनोऱ्याला आपली आई राजाबाई हिचं नाव द्यावं, अशी इच्छा त्यात होती.

नऊ महिन्यांनी हे गृहस्थ कोसळले. त्यांच्याबरोबर अर्धी मुंबई कोसळली. आणि तरीही मनोरा उभा राहिला, त्याच नावानं. राजाबाई टॉवरबद्दल बोलताना आपण गॉथिक कमानी, रंगीत काचा आणि आंधळ्या आईची गोष्ट सांगतो. पण दिवाळं निघालेल्या माणसानं सुचवलेलं नाव टिकलं कसं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मला या प्रकरणातला खरा मुद्दा तोच वाटतो.

पैसा कुठून आला

प्रेमचंद १८३१ साली जन्मले. मूळचं कुटुंब सुरतचं, जैन. वडील रायचंद मुंबईत आले आणि मुलगा एल्फिन्स्टनच्या वळणाचं इंग्रजी शिकला. शेअरदलालांच्या त्या काळच्या घोळक्यात इंग्रजी लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणजे अर्धी लढाई जिंकलेला. साहेबाच्या बँकेत तो थेट बोलू शकायचा आणि बाजारात गुजरातीतून सौदे करू शकायचा. या दोन्ही दालनांत सारखी उठबस असणारे फार थोडे होते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग त्यांची नजर वऱ्हाड, खानदेश, गुजरातकडे वळली. कापसाचे भाव इतके चढले की गाद्या-उशांतला कापूस काढून विकल्याच्या कथा मुंबईत अजून सांगतात. त्या कथांवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण मुंबईत सोन्या-चांदीचा लोंढा आला हे खरं. एवढ्या पैशाला मुरायला जागा हवी होती. मग रोज नव्या कंपन्या निघू लागल्या: बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या. यातली सर्वांत गाजलेली म्हणजे बॅक बे रेक्लमेशन. तिचा पाच हजार भरणा झालेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र अजून जागच्या जागी होता, जमीन कागदावर होती आणि भाव दसपट.

या साऱ्याच्या मध्यभागी प्रेमचंद. कुठल्याही नव्या कंपनीच्या शेअरवाटपात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी बोट ठेवलं की शेअर वर. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन त्यांची, आणि बँक ऑफ बॉम्बेवर त्यांची छाप. ही दुसरी बँक म्हणजे साधी पेढी नव्हे. ती इलाख्याची अधिकृत बँक, सरकारचाही तिच्यात हिस्सा. तिथून प्रेमचंदना आणि त्यांच्या चिठ्ठीवर इतरांना बेसुमार कर्ज मिळत गेलं. तारण काय, तर पुष्कळदा तेच फुगलेले शेअर.

१८६४ चा ऑक्टोबर म्हणजे या फुग्याचं ऐन पोट. मनोऱ्याचे दोन लाख त्या वेळी दिले गेले. त्या माणसाला तेव्हा ही रक्कम फार मोठी नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. आईवरचं प्रेम मोजायचं ते रकमेवरून नव्हे. रक्कम हाताशी होती. नाव कुणाचं द्यायचं ही निवड मात्र त्यांनी केली.

कोसळणं, आणि जे कोसळलं नाही

९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकन यादवीतले दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले. तार आणि बोटी यांच्या वेगानं ती बातमी मुंबईला पोचली आणि कापसाचा भाव ढासळू लागला. १ जुलै १८६५ हा बाजारातल्या वायद्यांचे हिशोब चुकते करण्याचा दिवस. त्या दिवशी देणी द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. एकाचं येणं दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं तिसऱ्याकडे, आणि साखळीच्या टोकाला पुन्हा पहिलाच. बॅक बे कंपनी बुडाली, एशियाटिक बँक बुडाली, आणि काही काळानं बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली आणि जुन्या बँकेच्या पडझडीची चौकशी करायला सरकारनं आयोग नेमला. त्या चौकशीत प्रेमचंद यांचं नाव जागोजागी आलं.

आता या क्षणी विद्यापीठाच्या बाजूनं पाहू. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती. परीक्षा आणि समारंभ टाऊन हॉलमध्ये. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी नुकताच किल्ल्याचा तट पाडला होता. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानाच्या मोकळ्या कडेला सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट अशी इमारतींची ओळ बसवायची योजना होती. समोर मैदान, मैदानापलीकडे समुद्र. जागा होती, नकाशे व्हायचे होते, आणि देणगीदाराचं दिवाळं निघालेलं.

पायाभरणी झाली १ मार्च १८६९ रोजी, म्हणजे कोसळल्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी. काम संपलं नोव्हेंबर १८७८ मध्ये. खर्च सुमारे साडेपाच लाख. दोन्ही देणग्या मिळून चार लाख.

हे आकडे शेजारी ठेवले की उत्तर दिसायला लागतं. १८६९ मध्ये प्रेमचंद यांच्याकडे मागायला गेलं असतं तर मनोऱ्याचा पाया सोडा, एक पायरी उभी राहिली नसती. पैसा आधीच विद्यापीठाच्या हातात पडलेला होता म्हणूनच हे बांधकाम निघालं. शिवाय बांधकाम लांबल्यानं मुद्दल बसून राहिलं. साधं व्याज चार टक्के धरलं तरी चार लाखांवर दहा वर्षांत एक लाख साठ हजार होतात. हा माझा पाटीवरचा हिशोब आहे, पण तो साडेपाच लाखांच्या किती जवळ जातो ते पाहा. सरकारी कामाच्या दिरंगाईनं कुणाचं भलं झाल्याची उदाहरणं कमी. हे त्यातलं एक म्हणायला हरकत नाही.

त्या वर्षांत मुंबईत नुसते शब्दांचे दान केलेले लोक पुष्कळ होते. आकडा टाकायचा, वर्तमानपत्रात नाव छापून आणायचं, हप्ते पुढे. फुगा फुटल्यावर ते सारे आकडे वाऱ्यावर गेले. राजाबाईचं नाव वाचलं, कारण मुलानं आश्वासन दिलं नव्हतं, पैसे दिले होते. आणि ते दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात दिले होते, स्वतःच्या ट्रस्टमध्ये ठेवले नव्हते. स्वतःच्या पेढीत ‘राजाबाई निधी’ म्हणून खातं उघडलं असतं तर तो निधी धनकोंनी पहिल्या आठवड्यात ओढून नेला असता.

याला एक काळी बाजू आहे आणि ती सोडून पुढे जाणं बरोबर नाही. बँक ऑफ बॉम्बेचे भागधारक बुडाले. त्यांत विधवा, निवृत्त अधिकारी, छोटे व्यापारी होते. इलाख्याची बँक म्हणून त्यांनी डोळे मिटून पैसे ठेवले होते. ज्या काळात प्रेमचंद विद्यापीठाला चार लाख देत होते, त्याच काळात त्याच बँकेतून त्यांच्या सौद्यांना कर्ज मिळत होतं. मग मनोऱ्यातला दगड कुणाच्या पैशाचा? कायद्यानं पाहिलं तर ऑक्टोबर १८६४ मध्ये ते सधन होते, दान पूर्ण झालं होतं, विषय संपला. नैतिक हिशोब इतका सरळ नाही. आजच्या एखाद्या विद्यापीठापुढे असा देणगीदार आला आणि वर्षभरात अशी चौकशी लागली, तर नाव काढायचं की ठेवायचं यावर बैठकांवर बैठका झडतील. तेव्हाच्या सिनेटनं, म्हणजे विद्यापीठाच्या कारभारी सभेनं, नाव ठेवलं. माझ्या मते आईचं नाव असण्याचा इथे फायदा झाला. ‘प्रेमचंद टॉवर’ म्हटलं असतं तर बँकेत पैसे बुडालेल्या माणसाला तो रोज बोचला असता. राजाबाईशी कुणाचं भांडण नव्हतं.

आंधळ्या आईची गोष्ट

गोष्ट अशी सांगतात. राजाबाई अंध होत्या. जैन असल्यानं सूर्यास्तानंतर जेवायचं नाही. सूर्य मावळायला किती वेळ आहे हे दिसत नसल्यानं प्रत्येक वेळी दुसऱ्याला विचारावं लागे. म्हणून मुलानं मनोरा बांधला; संध्याकाळची घंटा ऐकली की आई जेवून घेई. ही गोष्ट फलकांवर, सहलींच्या माहितीत, शाळेच्या निबंधांत सगळीकडे आहे.

गोष्ट गोड आहे. पण ती तपासून पाहायची झाली तर पहिली अडचण घड्याळाची नाही, सूर्याची आहे. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्याही पुढे. वर्षभरात सव्वा तासाहून जास्त फरक. आणि ही आजची भारतीय वेळ झाली. त्या काळची मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटं मागे. म्हणजे मनोऱ्याच्या घड्याळात हिवाळ्यातला सूर्यास्त सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान आणि जुलैतला पावणेसातच्या आसपास. सहाचे ठोके हिवाळ्यात ऐकले तर उशीर झालेला, पावसाळ्याच्या तोंडाशी ऐकले तर अजून भरपूर वेळ बाकी. चोविहार पाळणारं घर सूर्यास्ताच्या आत जेवतं, काटेकोर पाळणारे तर दोन घडी आधीच उरकतात. असं घर तास मोजत नाही, पंचांग बघतं. आणि त्या घरात राबणाऱ्या माणसांची वाण नव्हती.

दुसरी अडचण अंतराची. प्रेमचंद यांचा प्रेमोद्यान बंगला भायखळ्याचा. तिथून विद्यापीठ चार-पाच किलोमीटर. त्या काळची मुंबई शांत होती हे मान्य. तरी उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा समुद्रावरून सुटलेला असताना रोज नेमानं ठोके ऐकू येतील अशा भरवशावर कुणी जेवणाची वेळ ठरवणार नाही.

तिसरी अडचण सर्वांत साधी. पत्र १८६४ चं, घड्याळ सुरू झालं १८७८ नंतर. आईच्या रोजच्या जेवणाची सोय करायची असेल तर कुणी चौदा वर्षं थांबत नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? तिचा जन्मदाखला शोधण्यात मला फार रस नाही. ती का टिकली, ते मात्र समजतं. गडगंज श्रीमंत माणूस आईच्या नावानं मनोरा बांधतो ही बातमी झाली. अंध आईला वेळ कळावी म्हणून मुलगा मनोरा बांधतो ही कथा झाली. पहिलीत मिरवणं दिसतं, दुसरीत सेवा. आपल्याकडे दानाची गोष्ट सांगताना मिरवणं झाकायची फार जुनी सवय आहे. त्यातून सट्टा, दिवाळं, चौकशी आयोग हे सगळं कथेतून आपोआप गळून जातं. उरतात फक्त आई, मुलगा आणि घंटा. गाईडनं ती जरूर सांगावी. ‘असं सांगतात’ हे दोन शब्द जोडले की पुरे. कारण म्हणून छापू मात्र नये.

बाईचं नाव, बाईच्या नावानं

याच आवारात मनोऱ्याशेजारी दीक्षान्त सभागृह आहे. सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी १८६३ मध्ये त्यासाठी एक लाख दिले. सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झालं. नाव देणगीदाराचंच. आज विद्यार्थी त्याला काय म्हणतात? कॉन्व्होकेशन हॉल. राजाबाई टॉवरला मात्र कुणीही ‘युनिव्हर्सिटीचा टॉवर’ म्हणत नाही. एकाच आवारातली, एकाच वास्तुरचनाकाराची दोन कामं. लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी दोन्हींचे आराखडे केले, आणि मुंबईत पाऊल न टाकता केले. तरी एकाचं नाव बोलण्यात राहिलं, दुसऱ्याचं दगडात.

आणखी एक तुलना मला जास्त महत्त्वाची वाटते. १८४० च्या दशकात माहीमचा कॉजवे झाला. माहीम आणि वांद्र्यामधली खाडी होडीनं ओलांडताना माणसं बुडत. सरकार पूल बांधायला तयार नव्हतं. तेव्हा आवाबाई जमशेटजी जिजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले, आणि टोल घ्यायचा नाही ही अट घातली. पैसा बाईनं दिला. रस्त्याला नाव मिळालं ‘लेडी जमशेटजी’. आवाबाई हे नाव माहीम-दादरच्या किती लोकांना ठाऊक आहे?

इकडे राजाबाईंनी स्वतः पै दिली नाही, पत्र लिहिलं नाही, सिनेटमध्ये पाऊल टाकलं नाही. पण मनोऱ्याला लागलं ते त्यांचं स्वतःचं पाळण्यातलं नाव. मागे नवऱ्याचं नाही, पुढे मुलाचं नाही. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, गव्हर्नर आणि लाटसाहेबांच्या नावांनी भरलेल्या त्या ओळीत शहरातल्या सर्वांत उंच वास्तूला, २८० फुटांच्या मनोऱ्याला, एका व्यापाऱ्याच्या आईचं साधं नाव. दान देणाऱ्या बाईचं नाव नवऱ्याच्या पदवीत झाकलं गेलं आणि दान न देणाऱ्या बाईचं नाव पूर्ण राहिलं. यात न्याय शोधायला जाऊ नये. नाव कुणी लिहून दिलं, आणि कसं लिहून दिलं, एवढ्यावर हे ठरलं.

मनोऱ्यावर चोवीस पुतळे आहेत, हेही पाहण्यासारखं. सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी ते घडवले. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे नमुने, प्रत्येकाचं पागोटं वेगळं, पेहराव वेगळा. खालून बघताना मान मोडते, त्यामुळे बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. दुर्बीण घेऊन समोरच्या ओव्हल मैदानाच्या कुंपणाशी उभं राहिलं तर पागोट्यांच्या चुण्यासुद्धा दिसतात. सगळा इलाखा त्या दगडात आहे. राजाबाई त्यात नाहीत. त्या फक्त नावात आहेत.

घड्याळाचा मालक

नाव राजाबाईंचं, पण काट्यांवर हक्क कुणाचा, हे लवकरच विचारलं गेलं.

गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये फर्मान काढलं की सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ पाळायची. रेल्वे आणि तारखातं मद्रास वेळेवर चालत होतंच. मद्रास मुंबईच्या पुढे अर्धा तास. मुंबईकरांना हे अजिबात रुचलं नाही. आपला सूर्य आपल्या डोक्यावर, आणि बारा मद्रासचे वाजायचे? शहरातलं सर्वांत उंच घड्याळ विद्यापीठाच्या मनोऱ्यात होतं. ते कुठली वेळ दाखवणार यावर वाद पेटला. रात्री त्या घड्याळाच्या तबकड्यांवर दिवे लागत आणि त्यांचा खर्च सरकारी तिजोरीतून यायचा. सरकारनं तीच दोरी आवळली: मद्रास वेळ दाखवणार असाल तर दिव्यांचे पैसे मिळतील. सिनेट मुंबई वेळेच्या बाजूनं उभं राहिलं. १८८३ मध्ये सरकारनंच हात टेकले.

हा प्रसंग घड्याळांच्या इतिहासातला म्हणून सांगतात. मला तो देणगीच्या पत्रातल्या एका उणिवेचा परिणाम वाटतो. दोन लाख बांधायला होते. रोज तेल-वात कोण करणार, काटे कोण साफ करणार, दिव्यांचं बिल कोण भरणार, याची वेगळी तरतूद नव्हती. नाव एकदा दिलं की कायमचं. देखभाल मात्र रोजची. जो रोजचा खर्च करतो तो वेळ ठरवायला बघतो. देवस्थानांचे जुने दानपत्र लिहिणारे लोक यात शहाणे होते. देऊळ बांधणारा नंदादीपासाठी जमीन वेगळी तोडून द्यायचा. प्रेमचंद यांनी समईसकट देऊळ दिलं, तेलाला शेत दिलं नाही.

घड्याळ लंडनच्या लंड अँड ब्लॉक्ली यांचं, घंटा सोळा. पूर्वी त्या निरनिराळ्या सुरावटी वाजवत. ‘रूल ब्रिटानिया’ हे ब्रिटिशांचं देशभक्तीगीत आणि ‘होम, स्वीट होम’ त्यांतल्या. आता दर पंधरा मिनिटांनी एकच ठरलेली धून वाजते. जैन घरातल्या आईच्या नावाच्या मनोऱ्यातून ‘रूल ब्रिटानिया’ वाजत होतं, हे चित्र विनोदी आहे. तेव्हाच्या लोकांना तसं वाटलं नसावं.

नावाला लागलेलं दुसरं काही

२५ एप्रिल १८९१ रोजी दोन पारशी तरुणी या मनोऱ्यावरून खाली पडून गेल्या. तो खून की अब्रू वाचवण्यासाठी घेतलेली उडी, यावर शहर महिनोन्महिने पेटलेलं होतं. ‘राजाबाई टॉवर प्रकरण’ हे शब्द तेव्हा दर सकाळी वर्तमानपत्रांत असत. आईचं नाव शहराच्या तोंडी राहावं असं वाटणाऱ्या मुलाला ते असं राहावं हे काही अपेक्षित नव्हतं. पुढे आत्महत्या वाढल्या आणि मनोरा लोकांना चढायला बंद झाला. सार्वजनिक वस्तूला घरातल्या माणसाचं नाव दिलं की त्या वस्तूचं सगळं बरंवाईट त्या नावाला चिकटतं. देणाऱ्याला त्यातलं निवडता येत नाही.

प्रेमचंद स्वतः या धक्क्यातून सावरले. पूर्वीची शान परत आली नाही, पण दलाली सुरू राहिली. १८७५ मध्ये मुंबईच्या देशी शेअरदलालांची जी संघटना झाली, जिचा पुढे मुंबई शेअर बाजार झाला, तिच्या संस्थापकांत त्यांचं नाव घेतात. ते १९०६ मध्ये वारले. त्यांचं स्वतःचं नाव सर्वांत जास्त घेतलं गेलं ते मुंबईत नव्हे, कलकत्त्यात. तिथल्या विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले होते. त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती निघाली आणि ‘पीआरएस’ ही बंगाली विद्वानांची मानाची पदवीच होऊन बसली. शिवाजी आणि औरंगजेब यांच्या इतिहासावर ज्यांच्याशी मराठी अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आले ते जदुनाथ सरकार पीआरएस होते. कलकत्त्यात मुलगा, मुंबईत आई, अशी ही वाटणी.

स्वातंत्र्यानंतर आजूबाजूची नावं भराभर बदलली. एस्प्लनेड रोड महात्मा गांधी मार्ग झाला, मनोऱ्यासमोरचा मेयो रोड कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग झाला, फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. व्हिक्टोरिया टर्मिनसला आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव लागलं. खुद्द विद्यापीठ ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ झालं. या सगळ्या लाटेत राजाबाईला हात लावावा असं कुणाला सुचलं नाही. पुसायला तिथे ना राणी होती, ना लाटसाहेब. आईचं नाव पुसा असं म्हणायला कुठला पक्ष पुढे येणार?

२०१३ ते २०१५ या काळात मनोऱ्याची आणि ग्रंथालयाची मोठी दुरुस्ती झाली. इंडियन हेरिटेज सोसायटीनं ती हाती घेतली, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं चार कोटी रुपये दिले आणि १२ मे २०१५ रोजी काम पुरं होऊन वास्तू पुन्हा विद्यापीठाच्या हवाली झाली. रंगीत काचा एकेक करून उतरवून साफ केल्या, दगड धुतला, घड्याळ दुरुस्त झालं. २०१८ मध्ये ओव्हलच्या दोन्ही बाजूंची ही सगळी ओळ जागतिक वारसा यादीत गेली. मूळ मनोऱ्याच्या दोन लाखांच्या जागी एका दुरुस्तीला चार कोटी, आणि देणाऱ्यानं नावात वाटा मागितला नाही. प्रेमचंद यांच्या पत्रात जी तरतूद राहून गेली होती ती दीडशे वर्षांनी दुसऱ्याच कुणी भरली. पुढची दुरुस्ती केव्हा लागेल हे पावसावर आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यावर आहे. तिच्यासाठीचा निधी आजच बाजूला काढून ठेवणं हे आता विद्यापीठाचं काम.